काका, घाबरा ना!

भूपालकाका चौगुले मला चोर म्हणतात. मी समोरून आले की रस्ता ओलांडून पलीकडे जातात, आणि जाताना काकूंचा दंड घट्ट धरून ठेवतात, मी काकूंनाही पळवून नेईन अशा थाटात. परवा भर मंडईत माझ्याकडे बोट करून ओरडले, "हिच्याजवळ उभं राहू नका, केसानं गळा कापते ही!" हातात मेथीची जुडी घेऊन मी तशीच उभी. चार बायका वळून बघायला लागल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी घरी जाऊन मी केळं घालून शिरा केला.

डोकं फिरलेलं नाही माझं. आधी ऐका, मग ठरवा.

मी कुमुद मगदूम. सांगलीत विश्रामबागेत माझं गुंतवणूक सल्ल्याचं ऑफिस होतं. लोकांनी पैसे कुठे ठेवावेत हे सांगायचं काम. पण आमच्या गावात सल्लागाराला पैशापुरतं कोण ठेवतंय? मुलीला सांगून आलेलं स्थळ, बोअर किती खोल मारावी, गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत करावं की कोल्हापुरात, सगळ्याला एकच उत्तर, "थांबा, ताईंना विचारू." माझी जीभ तिखट. मूर्खपणा दिसला की तोंडावर बोलणार. तरी माणसं टिकून राहिली, कारण ताई बोलते टोचून पण फसवत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

ऑफिसात सहा जण होते हाताखाली. नवीन आलेल्याला मी कागदाला हात लावू देत नसे. आधी महिनाभर माझ्याबरोबर घरोघर फिरायचं आणि गप्प बसून बघायचं. चहा येईपर्यंत पैशाचा विषय काढायचा नाही. घरात ऐकलेलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, नवऱ्याचं बायकोलासुद्धा नाही. हे तर कुणीही सांगेल. पण मी आणखी एक शिकवायचे, आणि तेच पोरांना सगळ्यात जड जायचं. माणूस घाबरून आला तर त्याला लगेच धीर द्यायचा नाही. आधी मनसोक्त घाबरू द्यायचं. एक बाई आल्या होत्या, सगळं मोडून पैसे द्या म्हणाल्या, बाजार पडतोय म्हणाल्या. मी काही बोललेच नाही. बराच वेळ बाजाराला शिव्या देऊन झाल्या, मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, छातीत गाठ लागतेय हो ताई, घरी सांगितलेलं नाही. मी लगेच "बाजार वर येईल, काळजी करू नका" म्हटलं असतं तर त्या उठून गेल्या असत्या, गाठ घेऊन. भीतीच्या पोटात काहीतरी सांगायचं राहिलेलं असतं. ते बाहेर येईपर्यंत आपण तोंड मिटायचं.

माझ्या ऑफिससमोरच दिगंबर आरवाड्याचं विम्याचं दुकान. आम्ही त्याला दिगू म्हणतो. वीस वर्षं माझी निंदा हा त्याचा जोडधंदा. आवाज असा की गणपतीत त्याच्या मंडळाला भोंगा लावायची गरज पडत नाही. हा दिगू पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

तर पाच वर्षांमागे बाजार कोसळला. एकदम नाही, रोज थोडा थोडा, आणि तेच वाईट. माझे सातशे ग्राहक. सकाळपासून फोन. पाचव्या दिवशी माझा घसा बसला, आणि ज्यांना माझा फोन पोचला नाही त्यांनी सगळं तळाला विकून टाकलं. जन्मभराची पुंजी. मला फार लागलं ते.

तेव्हा पुण्याहून निहार देवस्थळी आला. स्थैर्य नावाच्या कंपनीचा प्रमुख, वय माझ्या भाच्याएवढं, मेंदूचा डॉक्टर. चहा येईपर्यंत यानंही विषय काढला नाही. मला तिथंच आवडला.

"ताई, लोक तुमचा सल्ला ऐकत नाहीत," तो म्हणाला.

"मग काय माझं तोंड बघतात?"

"तुमचा आवाज ऐकतात. सल्ला नंतर." आणि त्यानं मला समजावलं. भीती आधी श्वासात उतरते, मग नाडीत, विचारात सगळ्यात शेवटी. समोरचा कुठल्या पट्टीत बोलतो, कुठे थांबतो, शब्द कुठे सोडतो, यावर ऐकणाऱ्याचा श्वास लांबतो किंवा तुटतो. आईनं थोपटताना काय म्हटलं हे बाळाला कुठे कळतं? तरी ते झोपतंच. प्रत्येक माणसाचं हे कुलूप वेगळं. त्यांच्या यंत्राचं नाव दिलासा. ते माझा आवाज शिकणार, ग्राहकाशी माझ्या आवाजात फोनवर बोलणार. ग्राहकाच्या मनगटावर एक पट्टा, त्यातून त्याची नाडी यंत्राला कळणार. बोलता बोलता यंत्र माझा आवाज केसभर इकडे, केसभर तिकडे करून बघणार. नाडी मंदावली की ती जागा लक्षात ठेवणार. "आठ-दहा फोनांत कुलूप उघडतं," निहार म्हणाला. "मग कितीही बाजार पडू दे, तुमचा माणूस घाईनं काही करणार नाही. सातशे जणांना सातशे कुमुदताई."

दीड महिना मी एका काचेच्या खोलीत बसून बडबडले. करारात लिहिलं होतं की आवाजाचे हक्क कायमचे कंपनीकडे. वाचलं होतं की मी, अडाणी थोडीच आहे? म्हटलं, आवाज काय, विकून संपतो होय?

आणि खरं सांगायचं तर पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. पुढची घसरण आली तेव्हा माझ्या एकाही ग्राहकानं घाईत विकलं नाही. बाजार वर आला, लोक पेढे घेऊन आले. कंपनीनं मला दक्षिण महाराष्ट्राची प्रमुख केलं, दोनशे सल्लागारांना शिकवायला बसवलं. फक्त एक गोष्ट मला खुपायची. जो भेटेल तो म्हणायचा, "ताई, हल्ली किती गोड बोलता हो तुम्ही!"

मी? गोड?

भूपालकाका तर रोज फोन करायचे. हळदीच्या पेठेत उभा जन्म गेला त्यांचा, नुसत्या वासावरून हळद कुठल्या गावची ते सांगायचे. आता घरी दोघंच, कर्नाळ रोडला नदीच्या अंगाला बैठं घर. मुलगी हुबळीला. पद्माकाकूंना कानानं जवळजवळ काहीच ऐकू येत नाही आणि दोन्ही गुडघे गेलेले, म्हणून काका बोलायला माणूस शोधत असायचे. माझे फार जुने ग्राहक. माझ्या लग्नात माझ्या बाजूनं अक्षता टाकायला उभे राहिलेले. दिलासा त्यांच्याशी सकाळ-संध्याकाळ बोलायचा, माझ्या आवाजात. ते मला वाटेत भेटले की म्हणायचे, "सकाळी म्हणालीस ते पटलं बघ." मी काय म्हणाले होते ते मला कुठे ठाऊक!

मग खोतांच्या घरचं झालं. खोत हेही माझेच ग्राहक, साठीचे, धडधाकट. त्यांचा तीन वर्षांचा नातू अंगणातल्या हौदात पडला. शेजारणीनं पाहिलं आणि किंचाळली. खोत ओट्यावर होते. शेजारीण मला सांगत होती, "ताई, ते धावले नाहीत. उठले, चपला घातल्या, आणि चालत आले." पोराला तिनंच काढलं, वाचलं म्हणून बरं. मी खोतांना भेटायला गेले. ते हसून म्हणाले, "होतं असं, ताई. घाबरून काय होणार?"

हे वाक्य माझं नव्हतं, पण चाल माझी होती.

तशीच उठून पुण्याला गेले. निहारला म्हटलं, बंद कर हे. तो रागावला नाही की दचकला नाही. हळू आवाजात म्हणाला, "ताई, मेंदूत बाजाराची भीती वेगळी, हौदाची वेगळी, असे कप्पे नसतात. धोक्याची घंटा एकच असते. पैशासाठी ती झोपवली तर थोडी इकडेतिकडेही झोपणारच. पण आकडे बघा. रक्तदाब खाली आलाय लोकांचा. झोप सुधारलीय. एका हौदासाठी एवढं सगळं मोडायचं?" बराच वेळ बोलत होता. मी ऐकत होते. त्याचं म्हणणं बरोबरच वाटलं मला. निघताना त्यानं वाकून नमस्कार केला.

संध्याकाळी सांगलीला उतरले. दिगू दुकानाच्या पायरीवर उभा होताच. "आल्या का पुण्याच्या शेठाणी? किती जणांना बुडवून आलात?"

मी हसले. म्हटलं, "बरा आहेस ना दिगू?"

दिगूचा चेहरा पडला. खाली उतरून जवळ आला, माझ्याकडे निरखून बघायला लागला. "ताई, बरं नाही का तुम्हाला? डॉक्टरकडं नेऊ? शिवी दिली नाहीत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मनगटाकडे बघितलं. कंपनीनं दिवाळीला आम्हा सगळ्या सल्लागारांनाही पट्टे दिले होते. रोज सकाळी निहारचा फोन असायचा, सगळ्यांना एकदम, पाच मिनिटं, कामाचा. मी मेली वर्षभर रोज ऐकत होते, आणि माझं कुलूप त्याच्या आवाजानं केव्हाच उघडलं होतं. भांडायला गेले होते आणि आशीर्वाद देऊन आले!

पट्टा तिथंच काढून गटारात टाकला. फोन घ्यायचा बंद केला. राग परत यायला पंधरवडा लागला, आणि ज्या दिवशी दूधवाल्यावर मनापासून खेकसले त्या दिवशी देवापुढे दिवा लावला. राजीनामा दिला. मग एकेका ग्राहकाला स्वतः फोन लावले, पट्टे काढा म्हणून. सगळे म्हणाले, "हो ताई. बरं ताई." कुणी काढला नाही. भूपालकाका म्हणाले, "काढतो की, काय घाई आहे?" मला वाटलं, मी नीट सांगितलं नसेल. दुसऱ्यांदा अधिक कळकळीनं सांगितलं. तर ते अधिकच निवांत झाले. तेव्हाच कळायला हवं होतं मला. नाही कळलं.

आणि पूर आला.

सांगलीकराला पूर नवा नाही. आयर्विन पुलावर पाणी किती फूट झालं यावर इथलं घरदार हलतं. चाळीसला लोक गाद्या माळ्यावर टाकतात, पंचेचाळीसला भांडीकुंडी बांधतात. त्या दिवशी सकाळी पन्नास ओलांडलं होतं, आणि कोयनेतून आदल्या दिवशी सोडलेलं पाणी अजून पोचायचं होतं. हुबळीहून काकांच्या मुलीचा मला फोन. रडत होती. "ताई, बाबा निघत नाहीत. शेजारचे सगळे गेले. मी ओरडले तर म्हणाले, मी कुमुदला विचारलंय, ती म्हणाली घाईनं निर्णय घ्यायचा नाही."

ती. म्हणजे मी.

दिलाशाला पाणी काय माहीत? त्याला एवढंच शिकवलेलं, माणूस घाबरून काही करायला निघाला की त्याला बसवायचं. काकांनी विचारलं असेल, "कुमुद, निघू का गं?" आणि त्यानं माझ्या आवाजात, काकांच्या कुलपात बरोबर बसेल अशा बेतानं, त्यांना बसवलं.

कर्नाळ रोडच्या तोंडाला बोट मिळाली, दिगूच्या मंडळाची. दिगू कमरेला दोर बांधून पुढे बसलेला. मला बघून म्हणाला, "या, या. पैसे बुडवून झाले, आता माणसं बुडवायला आलात?"

"तोंड बंद ठेव आणि वल्हव!" म्हटलं.

पाणी गढूळ, त्यात सिलिंडर तरंगत होते. काकांच्या दारात पोचलो तेव्हा पायऱ्या बुडाल्या होत्या आणि घरात मांडीइतकं पाणी होतं. काकू पलंगावर उभ्या, खिडकीचा गज धरून. मला बघितल्याबरोबर त्यांनी हात पसरले आणि ऐकू न येणाऱ्या माणसासारख्या मोठ्यानं रडायला लागल्या. भूपालकाका त्याच पलंगावर मांडी घालून बसलेले. पाणी गादीला लागलेलं. हातात चहाचा कप.

"ये कुमुद," म्हणाले. "चहा गार झालाय, पण घे."

"काका, उठा! कोयनेचं पाणी येतंय. दुपारपर्यंत छप्पर जाईल!"

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर झोप आल्यासारखं सुख. "बोल," म्हणाले. "तू बोललीस की बरं वाटतं."

मी ओरडले. "काका, काकूंकडे बघा! त्या मरतील!" त्यांचे खांदे आणखी सैल पडले. मी त्यांचा दंड धरून ओढलं, रडले, शिव्या दिल्या. "काका, घाबरा ना! अहो, पाया पडते तुमच्या, घाबरा!" ते हसले. त्यांच्या मनगटावरचा पट्टा मला दिसत होता, त्यावरचा हिरवा ठिपका हळूहळू लुकलुकत होता. मी जितकी जिवाच्या आकांतानं ओरडत होते तितका तो ठिपका मंद होत होता.

शाळेत एक प्रयोग शिकवतात. कुत्र्याला खाणं देताना रोज घंटा वाजवायची. पुढे नुसती घंटा वाजवली तरी त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, खाणं असो नसो. तीन वर्षं रोज दोन वेळा माझा आवाज आणि शांती, माझा आवाज आणि शांती. आता मी काय बोलते याला अर्थच उरला नव्हता. मी "पूर" म्हटलं काय, "आग" म्हटलं काय, काकांना ती थोपटणीच. मी घंटा झाले होते.

मी तोंड मिटलं. हातानं दाबून धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या आवाजाची भीती वाटली.

काकांना उचलून नेता येईल का? अंगानं आडदांड माणूस, पोरांनी हात लावला तसा पलंगाच्या दांड्याला धरून बसला, शांतपणे. काकू त्यांना सोडून यायला तयार नाहीत. त्यांनी काकांचं धोतर मुठीत गच्च धरलेलं. बोटीतली पोरं ओरडत होती, पाणी वाढतंय, दोन मिनिटांत निघायचं.

दिगू दाराच्या चौकटीला दोर बांधून उभा होता. मी पाण्यातून त्याच्यापाशी गेले. त्याच्या कानाला तोंड लावलं, काकांना ऐकू जाऊ नये म्हणून.

काकांची एक धाकटी बहीण आहे, चंपाबाई. तिनं घरच्यांच्या मनाविरुद्ध परजातीत लग्न केलं. वडिलांनी मरताना काकांकडून शपथ घेतली, तिचं नाव काढायचं नाही, तिला उंबरा दाखवायचा नाही. काकांनी शपथ घेतली, आणि दुसऱ्या महिन्यापासून माझ्यामार्फत तिला गुपचूप पैसे पाठवायला लागले. काकूंना माहीत नाही, मुलीला नाही. जगात तीन माणसांना ठाऊक, काका, चंपाबाई आणि मी. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काका माझ्यासमोर लहान मुलासारखे रडले होते. म्हणाले होते, "कुमुद, हे फुटलं तर मी बापाच्या नजरेत मेलो."

ते मी दिगू आरवाड्याला सांगितलं. सगळ्या सांगलीत सांगायला याच्याहून नालायक माणूस नव्हता, म्हणूनच सांगितलं.

दिगू कुजबुजला. "ताई, हे मी बोलू?"

मी मान हलवली. हात जोडले.

तो आत गेला, काकांच्या तोंडासमोर वाकला, आणि त्याचा तो भोंगा फुटला. "काय हो चौगुले! चंपाला पैसे पोचतात ना वेळेवर? बापाची शपथ मोडून पाठवताय ते?"

काकांचे डोळे उघडले.

"मला कुणी सांगितलं विचारा की! या तुमच्या कुमुदताईनं! मलाच नाही, गावभर सांगून झालंय तिचं. हसतात लोक तुम्हाला, चहाच्या गाड्यावर! आणि तिच्या सांगण्यावरून इथं बुडत बसलाय?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. दिगू खोटं बोलतोय असं मी म्हणावं, याची वाट बघत होते ते. मी नजर खाली केली. आणि त्या क्षणी तो हिरवा ठिपका लाल झाला, धडधड लुकलुकायला लागला. कप पाण्यात पडला. काकांचा श्वास तुटला, मान वळली, आणि खोलीत पाणी आहे हे त्यांना बहुधा तेव्हा दिसलं. "पद्मे!" असे ओरडले की बाहेरची पोरंही दचकली. बायकोला खांद्यावर टाकून तो माणूस स्वतः बोटीपर्यंत चालत गेला. माझ्याजवळून जाताना थांबला. माझ्या अंगावर थुंकला.

दुपारी ते घर गेलं. छप्पर हरिपूरच्या बाजूला वाहत गेलेलं सापडलं.

पट्टा काकांनी त्याच दिवशी दगडानं ठेचला म्हणे. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आता माझा आवाज कानावर पडला की त्यांच्या अंगाची आग होते, आणि असाच राग माझ्यावर राहू दे त्यांचा. मला त्यांना खरं सांगायचं नाही. सांगणार कशानं? याच आवाजानं? उद्या त्यांनी मला माफ केलं, पुन्हा "बोल कुमुद, बरं वाटतं" म्हणाले, तर ती धोक्याची घंटा परत झोपेल. चंपाबाईंनी मात्र लाजेनं पैसे घ्यायचे बंद केले, फोन उचलत नाहीत. ते पाप माझ्या माथ्यावर आहे आणि मला ते फार डाचतं. माझ्या लग्नात अक्षता टाकायला उभा राहिलेला माणूस माझ्यावर थुंकला, हे आठवलं की आजही ताटावरून उठते.

गोष्ट इथं संपली असती तर मी सांगायला बसले नसते.

कंपनीला काही झालं नाही. चौकशीत निहारनं आकडे दाखवले, पुराच्या काळात दिलाशाच्या ग्राहकांत धक्काबुक्की नाही, रडारड नाही, हृदयविकाराचे झटके निम्मे. चौकशी करणाऱ्यांच्याही मनगटावर पट्टे होते, आणि त्या खोलीत तो स्वतःच्या तोंडानं दोन तास बोलला, मग आणखी काय होणार? आणि यंदा पावसाळ्याआधी त्यांनी दिलासा गावाच्या आपत्ती विभागाला दिला, धर्मादाय. पुराच्या सूचनांनी लोक बिथरू नयेत म्हणून. एव्हाना निम्म्या गावाच्या हातात पट्टा आहे. आवाज निवडताना मतं घेतली. कुमुदताईंचा आवाज पहिला आला.

आज सकाळी पुलावर अठ्ठेचाळीस झालं. मी आणि दिगू कर्नाळ रोडच्या मागच्या गल्लीत उभे होतो. काका-काकू आता इथंच भाड्यानं राहतात. भोंग्याची गाडी हळूहळू येत होती. माझा आवाज, असा मऊ की मलाच डुलकी यावी. "नागरिकहो, घाबरू नका. पाणी वाढत आहे. गडबड करू नका. सवडीनं सामान आवरा." लोक दारात येऊन ऐकत होते. कुणी हसून मान हलवत होतं. एका बाईनं ऐकता ऐकता पायरीवर बसून शेंगा सोलायला घेतल्या. पाणी गल्लीच्या तोंडाला लागलं होतं.

आणि धाडकन एक दार उघडलं. भूपालकाका! पाठीवर बोचकं, एका हातात काकू. "बंद करा तिचं थोबाड!" गाडीवर चप्पल फेकली त्यांनी. मग शेजारचं दार बडवायला लागले. "उठा रे! हा त्या चोरटीचा आवाज आहे! ती बसा म्हणाली की पळायचं! पळा!" पुढचं दार, त्याच्या पुढचं. म्हाताऱ्याचा घसा फाटला. मी भिंतीआड उभी, पदराचा बोळा तोंडात, हुंदकासुद्धा बाहेर पडू नये म्हणून. मनात म्हणत होते, ओरडा काका, अजून ओरडा.

दोन घरं बाहेर आली. बाकीच्यांनी काकांकडे कीव केल्यासारखं बघितलं आणि आत जाऊन चहा टाकला.

काका-काकू टेकाच्या रस्त्याला लागले. गाडी पुढच्या वळणावर गेली, पाणी तिच्या मागोमाग. दिगूनं माझ्याकडे बघितलं. हल्ली तो मला टोमणे मारत नाही, आणि ते मला आवडत नाही.

"ताई," तो म्हणाला, "आता कुणाचं?"

शेंगा सोलणाऱ्या बाई म्हणजे इंदुमती कुंभोजे. माझ्या ग्राहक, फार जुन्या. घरात सासू आहे अंथरुणाला खिळलेली आणि दोन नातवंडं. नवरा वारला त्या वर्षी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली होती, माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून. कुमुद, कधी कुणाला सांगू नकोस म्हणून.

मी दिगूच्या कानाशी तोंड नेलं.